जेवणाचा हात कोणता?

पहिलं नाव डॉक्टर लोपीस यांचं. राहणार वटार, भूल देणारे डॉक्टर. ते नसते तर हे लिहायला मी उरलो नसतो. उरलो असतो तरी लिहिलं नसतं, कारण माझ्या अंगावर काय झालं हेच मला कुणी सांगितलं नसतं. आता हे वाचून असं समजू नका की चूक झाली तेव्हा ते तिथं नव्हते. होते, माझ्या उशाशीच उभे होते. तरी पहिलं नाव त्यांचंच. का, ते पुढं येईल.

मी ज्ञानोबा. गाव परभणीकडं. वसई पूर्वेला बादल्या बनवायच्या गाळ्यात मशीनवर आहे, राहायला नालासोपाऱ्यात, एका खोलीत. मी आणि बायको सुमन. पोरं गावी आईपाशी. गाळ्यातला एक जण ऑपरेशनला निघाला तेव्हा त्याला धरून मी इतकं बोललो की तो म्हणाला, "बाबा, लिहून काढ हे. दर वेळी किती जणांना धरशील?" म्हणून लिहितोय. शेजारच्या शिक्षिकाबाईंनी ऱ्हस्व-दीर्घ बघितलं आणि शिव्या काढून टाकल्या. काही शिव्या राहायला हव्या होत्या.

गाठ

गाळ्यात प्लास्टिकच्या दाण्यांच्या गोण्या येतात. एक गोणी उचलताना जांघेत काहीतरी सरकल्यासारखं झालं. घरी येऊन बघतो तर लिंबाएवढी गाठ. उभं राहिलं की बाहेर, आडवं पडलं की आत. आमच्याकडं याला आतडं उतरणं म्हणतात. लाजेपायी सुमनलाही बोललो नाही. तिनंच पकडलं.

"आवो, लंगडायलाव कामून? काय लपवायलाव?"

मुकादमानं सांगितलेल्या दवाखान्यात गेलो. मोठा होता, दाराला काचा, आत गणपती. तिथले मोठे डॉक्टर फोनवर बोलत होते. बोलता बोलता त्यांनी दोन बोटांनी गाठ दाबली, "खोक" म्हणाले, मी खोकलो.

"हर्निया. ऑपरेशन लागेल. पँट घाल."

"साहेब, जिवाला काही…"

"हर्नियानं कोण मरतं रे? बाहेर तारीख घे."

आणि परत फोनवर. मला त्या दोन बोटांची अजून किळस येते. ज्या बोटांनी गाठ चाचपली, त्यांना ती कोणत्या अंगाला होती हे ऑपरेशनच्या दिवसापर्यंत लक्षात राहिलं नाही.

छडीचा हात

मी डावखुरा आहे. शाळेत पाटीवर डाव्या हातानं लिहायचो आणि मास्तर त्याच हातावर छडी मारायचे. "उजवा! उजवा कोणता, सांग!" मी घाबरून भलताच हात पुढं करायचो, त्याच्यावर परत. चौथीत शाळा सुटली ती त्या छडीपायीच. आई मात्र म्हणायची, देवानं ज्या हातात जोर दिला त्यानं खाऊ द्या लेकराला. म्हणून मी जेवतोही डाव्याच हातानं. लग्नाच्या पंगतीत लोक बघतात. बघू देत.

पण कुणी एकदम ‘डावा का उजवा’ विचारलं की आजही माझ्या डोक्यात धुकं होतं. मग मी मनात ‘जेवणाचा हात, दुसरा हात’ असं करून घेतो, तेव्हा कुठं कळतं. घरी सगळ्यांना हे ठाऊक आहे.

ऑपरेशनच्या सकाळी मला हिरवा झगा घालून बाकावर बसवलं. एक सिस्टर आली, इकडचीच, मिठागराकडच्या गावातली पोरगी, हसतमुख. तिला कागद भरायचा होता.

"काका, गाठ कुठल्या बाजूला? डावी की उजवी?"

माझं धुकं सुरू झालं. उठून दाखवायला हवं होतं, पण झगा पाठीमागून उघडा आणि समोर चार बायका बसलेल्या. तिला माझी दया आली असावी. खाली वाकून हळूच म्हणाली, "घाबरू नको. जेवनाचा हात ना?"

"हो हो, जेवणाचा हात." मला इतकं हायसं वाटलं! कुणीतरी माझ्याच भाषेत विचारलं होतं.

तिनं लिहिलं उजवी. तिची तरी काय चूक? सगळं जग उजव्या हातानं जेवतं. मला त्या पोरीचा राग कधी आला नाही. राग येतो तो याचा, की त्या एवढ्या दवाखान्यात माझी बाजू ठरवणारं एकच वाक्य बोललं गेलं, आणि ते बाकावर, झगा सावरत. त्यानंतर मला कुणी काही विचारलं नाही. कुणी झगा वर करून बघितलंही नाही.

"हीच ना?"

आतमध्ये माझ्याशी माणसासारखं बोलले ते फक्त लोपीस डॉक्टर. "ज्ञानोबा ना? गाव कुठलं? परभणी? अरे बापरे, फार लांब आलात. पाठ वाकवा, मांजरासारखी. आता मुंगी चावेल." पाठीत सुई दिली. कमरेखालचं सगळं दुसऱ्याचं झालं.

आडवं पडल्यावर माझी गाठ आत गेलीच होती. ती जाणारच. म्हणजे बघून कळायला काही उरलं नव्हतं, नुसता कागद उरला होता. मधे हिरवा पडदा. पलीकडं भांड्यांचा आवाज, मोठे डॉक्टर कुणाच्या तरी नव्या गाडीबद्दल बोलत होते. मग एकदम शांत झालं, बराच वेळ. मग लोपीस डॉक्टरांचा आवाज ऐकला.

"सर, बाजू हीच ना?"

"पेपरपे यही लिखा है."

एवढंच. मला झोप लागली.

सुमनला दिसलं

खोलीत आणलं तेव्हा पाय दगडाचे होते. सुमननं पांघरूण नीट करायला उचललं आणि तशीच थांबली.

"आवो."

"काय?"

"पट्टी ह्या अंगाला हाय."

"कोणत्या?"

"ह्या! तुमची गाठ तर त्या अंगाला व्हती."

"अगं, आतून करत असतील तिकडून."

हो, मी असं म्हणालो. शिकलेल्या लोकांनी केलंय म्हणजे काहीतरी असेलच त्यात, इतका माझा विश्वास. सुमननं कपाळाला हात लावला. "घराची किल्ली हरवली तर शेजाऱ्याचं कुलूप फोडतेत का वो?"

ती बाहेर जाऊन मोठ्यानं बोलली, तेव्हा मोठे डॉक्टर आले. वेलची चघळत होते. पट्टीकडं बघितलं, माझ्याकडं नाही.

"दोन्हीकडे हर्निया होता. ही बाजू जास्त डेंजर होती, म्हणून ती आधी केली. दुसरी नंतर करू, तिचं काही घेणार नाही तुझ्याकडून."

"पण साहेब, इकडं तर कधी दुखलंच…"

"डॉक्टर तू आहेस का मी?"

थोड्या वेळानं एक माणूस इंग्रजी कागदावर सही घेऊन गेला. "रूटीन आहे," म्हणाला. मी सही केली, आणि वर ‘थँक्यू’ म्हणालो. ते थँक्यू आठवलं की आजही तोंड कडू होतं.

एकच वाटी

त्या दवाखान्यातले दिवस सांगायचे तर सकाळच्या पट्ट्यांचं सांगतो. मोठ्या खोलीत आम्ही खाटा लावून पडलेलो. एक माणूस स्टीलची वाटी घेऊन यायचा, त्यात पांढरट पाणी. एकाच चिमट्यानं पहिल्या खाटेवरच्याची पट्टी काढायचा, तो चिमटा वाटीत बुडवायचा, आणि पुढच्या खाटेवर. माझ्या शेजारच्या आजोबांच्या जखमेतून पू यायचा. त्यांच्यानंतर माझा नंबर. वाटीतलं पाणी माझ्यापर्यंत येईतो चहासारखं झालेलं असायचं.

सुमन म्हणाली, "दादा, जरा ते धुऊन घ्या की."

"मावशी, हे औषधच आहे."

दुसऱ्या दिवशी तिनं घरून पातेल्यात उकळतं पाणी आणलं आणि खाटेशी उभी राहिली. "आधी ह्याच्यात बुडवा, मंग माझ्या माणसाला हात लावा." तो हसला, पण बुडवला. आजोबा म्हणाले, "बाई, उद्यापासून आधी माझ्याकडं येत जा." त्या सगळ्या खोलीत तो एकदाच हशा पिकला. दवाखान्यातलं तेवढंच एक सुख आठवतं.

जेवणाच्या ताटाला फिनाईलचा वास, संडासाच्या दाराला कडी नाही. हे सगळं सहन होतं. गरिबाला सवय असते. सहन होत नाही ते मोठ्या डॉक्टरांचं वेलची चघळत बोलणं.

सुकेळी

घरी आलो. जखम भरत होती आणि उभं राहिलं की डाव्या जांघेत गाठ जशीच्या तशी. परत दाखवायला गेलो तर मोठे डॉक्टर भेटेनात. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "तुमचं झालंय ना आता?"

एका दुपारी दारात स्कूटर थांबली. लोपीस डॉक्टर. हातात सुकेळीचा पुडा, पानात बांधलेला. वसईची ती सुकवलेली केळी मी दुकानात बघितली होती, खाल्ली कधी नव्हती. एवढा मोठा डॉक्टर आमच्या खोलीत आला म्हणून सुमननं घाईनं चादर बदलली. ते पलंगाच्या कडेवर बसले, घामाघूम. चहा घेतला नाही.

"ज्ञानोबा, दोन्हीकडे हर्निया नव्हता. उजवीकडे काहीच नव्हतं. उघडल्यावर आम्हाला कळलं."

सुमननं दार लोटून घेतलं.

"मी विचारलं, बाजू हीच ना. ते म्हणाले, लिहिलंय. मी आणखी एकदा विचारायला हवं होतं. तुम्ही जागे होतात, तुम्हालाच विचारायला हवं होतं. नाही विचारलं. चुकलं. आमच्याकडून चुकलं, माझ्याकडूनपण."

सुमन म्हणाली, "मंग त्या दिशी का बोलला न्हाईत?"

"भ्यालो," ते म्हणाले. "वहिनी, आमच्याकडे एक शिकवण आहे. सॉरी म्हणायचं नाही. सॉरी म्हटलं की कबुली होते, कबुली झाली की ग्राहक कोर्ट. सगळे हेच सांगतात. मी रविवारी चर्चमध्ये मिस्साला गेलो, प्रार्थनेत ‘माझा अपराध’ म्हणताना छातीवर हात ठेवला आणि वाटलं, देवाला सांगतोय, ज्याचं पोट उघडलं त्याला सांगत नाही."

मग त्यांनी खरं कामाचं सांगितलं. गाठ तशीच आहे, ऑपरेशन लागेलच, पण आधीची जखम भरू दे. तोवर वजन उचलायचं नाही. "आणि एक नीट ऐका. गाठ कडक झाली, आत जाईना, उलट्या झाल्या, तर ‘टाक्यांचं दुखतंय’ म्हणून घरी बसायचं नाही. आतडं अडकतं. माणूस जातो." चिठ्ठीवर आपला नंबर लिहून त्यांनी सुमनच्या हातात दिला.

हर्नियानं कोण मरतं रे, म्हणाला होता तो.

लीगल

आणि तसंच झालं. उन्हाची वेळ होती. शिंक आली, गाठ बाहेर आली ती गेलीच नाही. दगडासारखी झाली. मग उलट्या. लोपीस डॉक्टर आले नसते तर आम्ही घरीच बसलो असतो, टाके दुखतायत म्हणून. सुमननं रिक्षात घातलं. त्या काचेच्या दवाखान्यात परत जायला मी तयार नव्हतो, म्हणून दुसऱ्या एका दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी पोट बघितलं, गाठ बघितली, मग दुसऱ्या बाजूचा ताजा व्रण बघितला आणि हात मागं घेतला. पालीवर पडल्यासारखा.

"हे कुणी केलं?"

सुमननं सांगितलं.

"मग त्यांच्याकडेच न्या. दुसऱ्याची केस आम्ही घेत नाही. उद्या लीगल झालं तर माझ्या गळ्यात."

"साहेब, ह्यो मरायलाय हो!"

"म्हणूनच सांगतोय, वेळ घालवू नका."

मी बाकावर वाकडा होऊन पडलेलो. ओकारीनं सदरा भिजलेला. माणूस समोर मरतोय आणि शिकलेला माणूस मनातल्या मनात आपला बचाव लिहितोय, हे मी त्या दिवशी पाहिलं. माझ्या ओकारीची मला एवढी शिसारी आली नाही.

सुमन समोरच्या पीसीओवर धावली. लोपीस डॉक्टर कुठल्याशा ऑपरेशनमधून सुटून स्कूटरवर आले. दारातूनच बोलत आले.

"याची चुकीची बाजू उघडली गेली. भूल मी दिली होती. मी सांगतोय, माझं नाव टाका. काय लिहून हवंय ते देतो. आता याला आत घ्या."

त्या डॉक्टरांनी हळूच त्यांना बाजूला ओढलं. "लोपीस, वेडा झालास का? चार माणसांसमोर काय बोलतोस?"

"चार माणसांसमोरच बोलतोय."

मला आत घेतलं.

बाण

आत लोपीस डॉक्टर माझ्याजवळ वाकले. "ज्ञानोबा, डावी-उजवी विचारत नाही. गाठीवर हात ठेवा."

मी ठेवला. जेवणाचा हात, जेवणाच्या बाजूला.

त्यांनी खिशातलं बॉलपेन काढलं आणि माझ्या कातडीवर गाठीकडं तोंड करून एक बाण काढला. मग सगळ्यांना मोठ्यानं म्हणाले, "पेशंटनं स्वतः दाखवलंय. बघितलं सगळ्यांनी?" सगळ्यांनी मान हलवेपर्यंत त्यांनी सुई हातात घेतली नाही.

एवढंच लागत होतं. एक बॉलपेन. पहिल्या वेळी तिथं लाखाची यंत्रं होती आणि बॉलपेन कुणाच्या खिशातून निघालं नाही.

आतडं थोडं काळवंडलं होतं, पण वाचलं. बरेच दिवस पडून होतो. आंघोळ मना होती म्हणून तो बाण कितीतरी दिवस तसाच होता. सुमन पट्टी बदलताना म्हणायची, "ह्याला पुसायचं न्हाई. इथून पुढं कुणी चुकलं तर वाचता तरी येईल."

मग सगळे जागे झाले

बातमी पसरली. पहिल्यांदा आली ती एका पक्षाची पोरं. कपाळाला टिळा, हातात सोड्याच्या बाटल्या. "काका, फक्त हो म्हणा. उद्या त्या दवाखान्याची एक काच राहणार नाही." मी म्हणालो, तिथं माझ्यासारखीच माणसं खाटांवर पडलीत, काचा कुणाच्या अंगावर पडणार? त्यांना ते आवडलं नाही. "तुमच्यासारख्यांमुळंच हे माजलेत," म्हणून गेले.

मग कळलं की त्या सिस्टरला काढून टाकलं. मोठे डॉक्टर आता दोन गोष्टी सांगत होते. पेशंटला सांगायचे, दोन्हीकडे होतं. आपल्या लोकांत सांगायचे, पोरीनं चुकीचं लिहिलं, आणि त्या अडाण्याला डावं-उजवं कळत नाही. दोन्ही एकाच तोंडानं. ज्याला डावं-उजवं कळतं, त्यानं बघायचं नव्हतं का?

मी केस करायची ठरवली. वकिलानं सगळं ऐकलं, पेन खाली ठेवलं.

"केस होते. पण भूलवाल्याचं नाव टाकावं लागेल."

"त्यांनी तर वाचवलं मला."

"पहिल्या वेळी खोलीत होता ना? आणि कबूल केलंय फक्त त्यानंच. मोठा डॉक्टर म्हणेल, दोन्हीकडे होतं. तुम्ही सही केलीय. तो कदाचित सुटेल. हा नाही सुटायचा."

म्हणजे जो खोटं बोलला तो सुटणार, आणि खरं बोलला तो त्याच खऱ्यापायी अडकणार. मला वाटलं, दवाखान्यातल्या त्या वाटीतलं गढूळ पाणी इथपर्यंत आलंय.

लोपीस डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "टाका माझं नाव. मी जे सांगितलं ते तिथंही सांगेन." सुमननं त्यांच्यासमोरच मला विचारलं, "तुमचा हात धजल का तसली सही करायला?"

नाही धजला. मी केस केली नाही. लोक म्हणतात, घाबरला. घाबरट मी आहेच, पण ती सही न करण्याचं कारण ते नव्हतं. सुटला तो सुटलाच, आणि तो आजही लोकांना खोकायला सांगतोय, हे मला गिळवत नाही. पण ज्या एका माणसानं ‘चुकलं’ हा शब्द उच्चारला, त्याच्याच गळ्यात तो अडकवला तर पुढं कुठला डॉक्टर कुणाच्या खोलीत सुकेळी घेऊन येईल?

शिक्षा त्यांना झालीच म्हणा. डॉक्टर लोकांनी बोलावून घेतलं आणि विचारलं, "आपल्या माणसाच्या विरुद्ध बोलता?" त्या काचेच्या दवाखान्यानं भुलीसाठी बोलवायचं बंद केलं, मग आणखी काहींनी. आता लांब पालघरपर्यंत स्कूटर मारतात. मी वटारला भेटायला जातो तेव्हा त्यांची आई म्हणते, "हा आला बघ तुझा डावरा." आणि मला पानात डाव्या बाजूनं वाढते, हसत.

डॉक्टर, तुम्ही हे वाचाल म्हणून लिहून ठेवतो. मी तुमचं देणं लागतो ते उपकाराचं नाही, माझ्या आतड्याचं. ते असं तसं फिटत नाही. पण एक दिवस येईल. कुणीतरी तुम्हाला कुठंतरी उभं करील, मोठ्या लोकांच्या खोलीत किंवा कोर्टात, आणि विचारील, हा माणूस कसला? त्या दिवशी मला निरोप पाठवा. गावी असलो तरी येईन. शपथ घ्यायला कोणता हात वर करायचा ते तेवढं आधी विचारून घेईन. मग तो वर करीन, आणि कुणी छडी मारली तरी खाली घेणार नाही.